फूटपट्टी कुणाच्या हातात?



मी तिसरीत होतो. गेवराई तालुक्यातलं गोदाकाठचं गाव. दोन खोल्या, एक व्हरांडा, एवढीच शाळा. एक दिवस मास्तरांनी मला आणि आमच्या वस्तीतल्या आणखी तिघांना बाहेर बोलावलं. म्हणाले, "उद्या साहेब तपासणीला येणार. तुम्ही चौघं येऊ नका. घरीच थांबा."

आम्ही खूश. फुकटची सुट्टी! घरी येऊन आजीला सांगितलं. ती ज्वारी पाखडत होती. म्हणाली, "समद्यायलाच हाय का सुट्टी?"

म्हणालो, "न्हाई. आमालाच."

आजीचं सूप थांबलं. परत चालू झालं. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघांनी बाभळीखाली बसून साहेबांची जीप पाहिली. साहेबांनी वाचून घेतलं, पाढे म्हणून घेतले, चहा-पोहे घेतले, शेरा लिहिला. वर्ग उत्तम. मास्तर उत्तम. चार पोरं वजा केल्यावर राहिलेला वर्ग उत्तमच होता, त्यात काय खोटं?

आम्हाला वाचता येत नव्हतं, हे खरं. का येत नव्हतं? आमचे मायबाप म्हणजे एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली. दसरा-दिवाळी झाली की गाडी भरायची: भांडीकुंडी, शेळी, पीठ, पोरं. पार कोल्हापूर-सांगलीकडं. तिथं पाचटाची कोपी. माय-बाप पहाटे फडात, आणि मी कोपीत धाकटीला सांभाळायला. पट्टा पडला की परत. तोवर एप्रिल उजाडलेला. वर्ग जोडाक्षरांवरून गुणाकारावर गेलेला, आणि आम्ही अजून काना-मात्रेला अडलेलो. ज्या वर्षी आजीनं मागं ठेवून घेतलं त्याच वर्षी मी थोडाफार शाळेत दिसलो. ते वर्ष तिसरीचं. आणि त्याच वर्षी तपासणीला घरी बसवलं.

हे आज का उकरून काढतोय? सांगतो.

मागं पुण्यात एका चर्चासत्राला गेलो होतो. एसी हॉल, गळ्यात बिल्ले, जेवणाला तीन गोड पदार्थ. विषय : सरकारी शाळांतल्या शिक्षकांची परिणामकारकता कशी मोजावी आणि कशी वाढवावी. भिंतीवर रंगीत आलेख. कुठल्या मास्तराच्या वर्गात गुण किती वाढले, कुठला मास्तर पहिला, कुठला शेवटचा. जाकीटवाले साहेब फार गोड बोलत होते. शेवटी प्रश्न विचारा म्हणाले. मी उभा राहिलो. विचारलं, "साहेब, चाचणीच्या दिवशी जी पोरं आली नाहीत ती ह्या आलेखात कुठं आहेत?"

साहेब म्हणाले, "त्यांचा डेटा उपलब्ध नाही."

बाभळीखाली बसलेली चार पोरं! वीस वर्षं झाली, अजून उपलब्ध नाहीत!

आता नीट ऐका. हे वाचून कुणी म्हणेल, म्हणजे मास्तर मोजूच नयेत. संघटनेचे पुढारी तेच म्हणतात. मास्तरवर विश्वास ठेवा, तो राष्ट्राचा शिल्पकार आहे, त्याला फूटपट्टी लावू नका. वा रे शिल्पकार! माझ्या मायच्या कामाचं रोज माप होतं. टनानं होतं. मोळी हलकी भरली तर मुकादम आईबहिणीवरून शिव्या घालतो. एक दिवस खाडा केला तर पैसे कापतात. ऊस तोडणाऱ्या बाईला माप आहे आणि तिच्या पोराचं आयुष्य ज्याच्या हातात दिलं त्याला माप नको? त्याचं वाटोळं झालं तर विचारायचंही नाही?

विचारणार. आम्हीच विचारणार. पण फूटपट्टी कुणाच्या हातात आहे, ती कुठून कुठवर लावली आणि लावताना कोण वगळलं, हेही विचारणार.

ही भूमिका आज कुणी नवीन काढलेली नाही. १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. नुसतं फोटोला हार घालणाऱ्यांनी ते एकदा वाचावं. त्या काळी विलायतेत 'निकालावर पैसे' ही पद्धत जोरात होती. १८६२ मध्ये तिथं सुरू झाली : इन्स्पेक्टरनं पोरांची परीक्षा घ्यायची, जितकी पोरं पास तितकं अनुदान. मास्तरांनी पोरांकडून पुस्तकं पाठ करून घेतली, इन्स्पेक्टरला फसवलं, शिक्षणाचा भुगा झाला. १८९० च्या दशकात ती पद्धत तिथल्या सरकारला गुंडाळावी लागली. आपल्या मुंबई इलाख्यातही अनुदानाला हाच निकालाचा काटा लावला होता. जोतीरावांनी कमिशनला स्पष्ट सांगितलं, गरीब, अडाणी लोकांत शिक्षण पसरवायला ही पद्धत बिलकूल कामाची नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जिवावर शाळा चालवायला कुणी मास्तर धजणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही. तिथं सरकारी शाळाच पाहिजे.

पण जोतीराव एवढ्यावर थांबले नाहीत. त्याच निवेदनात ते म्हणतात की डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येतो, त्याचा काडीचा उपयोग नाही. निदान तिमाहीला तपासणी पाहिजे. शिवाय अधूनमधून न कळवता जाऊन शाळा पाहिली पाहिजे. न कळवता! हे शब्द माझ्या मास्तराला आणि त्याच्या साहेबाला कुणी वाचून दाखवले असते तर आम्ही चौघं त्या दिवशी वर्गात असतो. पगाराचंही ते बोलले. मास्तराला बारा रुपयांपेक्षा कमी देऊ नका, आणि जो खेड्यातला मास्तर जास्त पोरं पास करील त्याला पगाराखेरीज वेगळा भत्ता द्या. मास्तर कसा हवा? नांगराची मूठ आणि सुताराची वाकस धरणारा, खालच्या माणसांत मिसळणारा. महारा-मांगांच्या पोरांना इतरांशेजारी बसू देत नाहीत, त्यामुळं ती शाळेबाहेरच राहतात, हेही त्यांनी तिथंच नोंदवलं.

म्हणजे बघा. तपासणी, पगार, बक्षीस, भरती आणि पोरं बसतात कुठं, हे सगळं एका निवेदनात, एकमेकांना बांधून. आजचे तज्ज्ञ त्यातलं एकच टोक उचलतात. गुण. बाकीचं मोजायला अवघड, म्हणून नसल्यातच जमा.

आणि परीक्षेचं म्हणाल तर जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या शाळांच्या परीक्षा पुण्यात लोकांसमोर घेतल्या. ज्यांना आमच्या पोरींनी अक्षर गिरवणं पाप वाटत होतं त्यांच्या डोळ्यांदेखत. परीक्षेला ते भ्याले नाहीत. त्यांच्याच शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर. १८५५ साली तिनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. सावित्रीबाईंची परिणामकारकता कुठल्या रकान्यात भराल? आजची चाचणी लावली असती तर मुक्ताला शुद्धलेखनाचे गुण मिळाले असते. तिनं धर्मालाच जाब विचारला त्याचा रकाना कुठाय?

बाबासाहेब १९२७ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बोलले तेव्हा त्यांनीही माप लावलं. भावनेचे उमाळे काढले नाहीत, आकडे मांडले. शंभर पोरं प्राथमिक शाळेत शिरतात, त्यातली अठराच चौथीपर्यंत पोचतात. ब्याऐंशी परत निरक्षर होतात. म्हणजे त्यांच्यावरचा पैसा गेला कुठं? बघा, बाबासाहेबांनी मोजायला सुरुवात कुठून केली. चौथीत बसलेल्या अठरांपासून नाही. दारातून आत आलेल्या शंभरांपासून. गळालेली ब्याऐंशी पोरं त्यांच्या हिशेबात आहेत.

सगळं भांडण इथंच आहे, दोस्तांनो. शंभरांपासून मोजायचं की अठरांपासून?

आपल्या राज्यानं कसं मोजलं ते पाहा. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं. पायाभूत चाचणी, संकलित चाचणी, प्रगत शाळा, अप्रगत शाळा. कल्पना वाईट नव्हती. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे, हे त्यात लिहिलेलं होतं. पण पेपर घेणार कोण? तोच मास्तर. तपासणार कोण? तोच मास्तर. गुण भरणार कोण? तोच. आणि वरून तगादा : तालुका कधी शंभर टक्के प्रगत होणार? मग तो कागदावर झाला तर दोष एकट्या मास्तराचा कसा? पुढं फर्मान निघालं की जानेवारी २०१७ पासून दर सोमवारी मास्तरांनी पोरांबरोबर सेल्फी काढून पाठवायचा. जिथं रेंजसाठी झाडावर चढावं लागतं तिथं सेल्फी! बोंबाबोंब झाली आणि ते बारगळलं. फोटोत पोरगं आहे, एवढं फोटो सांगेल. पोराला वाचता येतं का, हे फोटो कसं सांगणार?

आणि फूटपट्टी धरणारे हात किती स्वच्छ? २०१९-२० ची शिक्षक पात्रता परीक्षा आठवा. डिसेंबर २०२१ मध्ये परीक्षा परिषदेच्या आयुक्तालाच पोलिसांनी उचललं. २०२२ मध्ये ७,८८० उमेदवार गैरप्रकाराबद्दल अपात्र ठरवले गेले. मास्तर लायक आहे की नाही हे ठरवणाऱ्या दुकानातच माप विकायला ठेवलं होतं! आणि जी आमची पोरगी गेवराईच्या भाड्याच्या खोलीत, रात्री एसटी स्टँडच्या दिव्याच्या उजेडात अभ्यास करून दोन गुणांनी नापास झाली, तिला कोण भरून देणार?

हे आपल्याकडंच होतं असं समजू नका. अमेरिकेत २००२ साली कायदा झाला : दरवर्षी चाचण्या, गुण वाढले नाहीत तर शाळेवर कारवाई. अटलांटा शहरात बहुसंख्य काळी पोरं शिकतात. तिथल्या शाळांचे गुण भराभर वाढले. पेपरात कौतुक, वरच्यांना बक्षिसं. २०११ मध्ये चौकशीचा अहवाल आला : ४४ शाळांत गैरप्रकार, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक गुंतलेले. उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केलेली. २०१५ मध्ये अकरा जणांना कोर्टानं दोषी धरलं. पण त्या काळ्या पोरांचं काय? वाचता येत नाही हे कळलं असतं तर जी जादा मदत मिळाली असती, ती खोडरबरानं खाल्ली. ज्यांच्या भल्यासाठी मोजणी काढली त्यांचंच अज्ञान झाकून ठेवलं. हार्लेमचा आणि आपला धागा आपण अभिमानानं सांगतो ना? मग हाही धागा ओळखा. अटलांटातलं ते पोरगं आणि बाभळीखालचा मी, एकाच खोडरबरानं खोडलेले.

आता दुसरी बाजू. कडू आहे, पण बोलतो.

२००३ साली देशभर न कळवता शाळांना भेटी देऊन एक पाहणी झाली. चारातला एक मास्तर शाळेत नव्हता. जे होते त्यांतलेही कितीतरी शिकवत नव्हते. महाराष्ट्रात गैरहजेरी सगळ्यांत कमी निघाली, पंधरा टक्क्यांच्या आसपास. छाती फुगवायला हरकत नाही. पण मास्तर शाळेत येऊनही आमची पोरं कोरी राहतात, मग रोग हजेरीचा नाही, शिकवण्याचा आहे. 'असर'चे अहवाल २००५ पासून ओरडतायत : देशातल्या खेड्यांत पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास पोरांना दुसरीचा धडा वाचता येत नाही. ती पोरं कुणाची? बंगल्यातली?

आणि मास्तर कोण? आता ते सगळे वरच्या आळीतले राहिलेले नाहीत. बाबासाहेबांच्या पुण्याईनं आपली माणसं मास्तर झाली, मुख्याध्यापक झाली, केंद्रप्रमुख झाली. चौदा एप्रिलला निळा फेटा बांधून सगळ्यांत पुढं असतात. तालुक्याला बंगला, दारात गाडी, स्वतःचं पोरगं इंग्रजी शाळेच्या बसमध्ये. आणि ज्या शाळेत हे शिकवतात तिथं वस्तीची पोरं. विचारलं तर म्हणतात, "काय करणार, पालकच जागरूक नाहीत." अरे, तुझा बाप जागरूक होता का? तोही कुणाच्या तरी फडात होता. तुला कुणीतरी धरून शिकवलं म्हणून तू खुर्चीवर बसलास. आता खुर्चीवरून आमच्या मायला जागरूकता शिकवतोस?

तरीही मास्तराला एकट्याला फाशी द्यायला मी तयार नाही. २००० साली ह्या सरकारनं शिक्षणसेवक काढला. तीन हजार रुपये महिना, तीन वर्षं. पुढं सहा हजार. २०२३ मध्ये सोळा हजार झाले. फुल्यांनी १८८२ मध्ये पोटापुरता पगार मागितला होता आणि ह्यांनी शंभराहून जास्त वर्षांनी मास्तराला सेवक केलं. दोन मास्तर, चार वर्ग. त्यातला एक बीएलओ, दुसरा ऑनलाइन माहिती भरतोय. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून मास्तराला दुसरी कामं देऊ नयेत, असं शिक्षण हक्क कायद्याचं २७ वं कलम सांगतं. पण कलम कागदावर आणि मास्तर तहसीलमध्ये. मग निकाल मागताना आधी मास्तर वर्गात परत द्या.

चांगला मास्तर कसा ओळखावा? मी पाहिलाय. चौथीत आम्हाला एक बाई आल्या. त्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही कारखान्यावरून परत आलो, तर बाईंनी आम्हा पाच-सहा जणांना सकाळी सातला व्हरांड्यात बसवायला सुरुवात केली. पुस्तक नाहीच. म्हणाल्या, "तिकडं काय काय पाहिलंस ते सांग." मी म्हणालो, कोयता, मोळी, वाढं, बैल, मुकादम. त्यांनी तेच शब्द फळ्यावर लिहिले. मुकादम हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला आणि मला हसू फुटलं. एवढा मोठा मुकादम, आणि फळ्यावर नुसती चार अक्षरं! पुसलं की गेला. मे अखेरपर्यंत मी वाचायला लागलो. उन्हाळ्याच्या सुट्टीतही त्या येत होत्या.

बाईंची ही दीड महिन्याची मेहनत कुठल्या चाचणीत आली? कुठल्याच नाही. वार्षिक परीक्षा आम्ही येण्याआधीच आटपत आलेली. उलट आमच्यामुळं त्यांच्या वर्गाची सरासरी खालीच गेली असणार. आदल्या मास्तराचा शेरा उत्तम होता. बाईंची पुढच्या वर्षी बदली झाली. हे तुमचं माप!

म्हणून फूटपट्टी आम्हाला हवी, पण ती अशी हवी :

एक. मोजणी पटावरच्या शेवटच्या पोरापासून सुरू करा. गैरहजर पोर शून्य धरा, रिकामं सोडू नका. मग बघा, मास्तर आणि साहेब दोघंही त्याला शोधत कोपीपर्यंत येतात की नाही.

दोन. पोर कुठवर पोचलं हे एकट्यानं बघू नका, निघालं कुठून तेही बघा. आंध्रात २००५ पासून मास्तरांना बक्षीस देण्याचा प्रयोग झाला, तो गुणांच्या वाढीवर होता, नुसत्या निकालावर नव्हता. तिथं पोरांचे गुण वाढले, हे मान्य करायला आम्हाला लाज नाही. पण बक्षीस आणि कारवाई नुसत्या गुणांवर टांगली की खोडरबर येतो, हे अटलांटानं शिकवलंय.

तीन. पेपर घेणारा आणि शिकवणारा एक नको. तपासणी न कळवता, वर्षातून चारदा. फुल्यांचं हे कलम दीडशे वर्षं होत आली तरी बाकी आहे.

चार. तपासणारानं नुसता शेरा मारून जायचं नाही. चार दिवस वर्गात बसायचं, स्वतः तास घेऊन दाखवायचा, मास्तराचं कुठं अडतंय ते सांगायचं आणि महिन्यानं परत यायचं. नापास म्हणणं सोपं आहे. माणूस सुधारायला शेजारी बसावं लागतं.

पाच. प्रत्येक मुलाचं शिकणं तपासून त्याला लागेल ती जादा शिकवणी द्यायची, हे कायद्याच्या २४ व्या कलमात मास्तराचं कर्तव्य म्हणून लिहिलंय. ऊसतोडीच्या पोरांसाठी त्याला वेळ, माणूस आणि मोबदला द्या. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं जाहीर केली, आता खाटा आणि पोरं मोजून दाखवा.

सहा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात दुर्बळ घटकांचे पालक त्यांच्या प्रमाणात आणि निम्म्या बाया. कायदा आहे. पण आमचे पालक सहा महिने फडात. त्यांच्या जागी गावात राहिलेली आजी, आजा बसला पाहिजे. आणि पोरांनी वाचून दाखवायचं ते तिच्यासमोर, ग्रामसभेत, चव्हाट्यावर.

माझ्या आजीला वाचता येत नव्हतं. पण "समद्यायलाच हाय का सुट्टी?" हा तिनं विचारलेला प्रश्न त्या वर्षीच्या सगळ्या तपासणीत एकट्या तिनंच विचारला होता. फक्त तिला विचारायला जागा नव्हती. घरातच विचारून ती गप बसली.

मुंबई-पुण्यातल्या गड्यांनो, तुम्ही दिवाळीला गावाकडं जाणार. फराळ खाल, स्टेटस टाकाल, परत याल. ह्या वेळी एक दिवस जादा थांबा. गाड्या भरल्या की शाळेत जा. मास्तरशी भांडायला नको, जय भीम घाला, चहा घ्या आणि हजेरीपट मागा. कोणकोणती पोरं आज गाडीत बसून गेली त्यांची नावं वहीत उतरवून घ्या. एप्रिलमध्ये परत जा. तीच वही काढा आणि एकेका पोराला समोर बसवून वाचायला लावा. मास्तराला, साहेबाला, आमदाराला ती वही दाखवा. म्हणावं, डेटा उपलब्ध नव्हता ना? हा घ्या.

आम्ही चौघं होतो. मी हे लिहितोय. दोघं आजही कोयता घेऊन जातात, त्यांची पोरं गाडीत बसतात. चौथा दहाव्या वर्षी कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरखाली गेला. त्याचं नाव शाळेच्या पटावर पुढं दोन वर्षं हजर लागत होतं.

जय भीम!